चारही कोपरे

ता. १६ नोव्हेंबर १९३६, सोमवार. भाऊबीज

दुपारी दोन वाजता अक्काच्या घरी सुखरूप पोहोचलो. बारामतीहून सकाळची मोटार मिळाली, ती कळंबपर्यंत. पुढे साखर कारखान्याकडे निघालेल्या गाडीत उसाच्या मोळ्यांवर बसून आलो. गाडीवानाने एक कांडे सोलून दिले, पण पिशवीतली कात्री कोणाला लागू नये म्हणून पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. ऊस काही धड खाता आला नाही.

अक्का दारातच उभी होती. पाट मांडलेला, निरांजन तयार. ओवाळताना म्हणाली, "बाया बाळंतपणाला माह्यारी जात्यात, माझं माह्यार मोटारीत बसून आलं." हसली आणि मग पदराने डोळे पुसले. आई आणि अप्पा एकाच पंधरवड्यात गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती अकरा. सुप्याला चुलत्यांच्या घरी तिनेच मला मोठे केले. आता तिला सातवा सरत आला आहे. पहिले बाळंतपण, आणि माहेरचे माणूस म्हणावे असा मी एकटा.

तिचे यजमान मोहनराव बॉयलरवर आहेत. हंगाम सुरू झाला आहे, त्यामुळे ते घरी कमी आणि कारखान्यात जास्त. सासूबाई प्रयागबाई लोणी भापकरला शेतावर असतात, त्या वेळेवर येतील. तोवर अक्काजवळ कोणीतरी हवे होते. मी ज्यांच्या दुकानात काजे-बटणे करतो त्या तात्याबांनी दिवाळीचे काम संपल्यावर आनंदाने सुट्टी दिली आणि ही वही दिली. मापे टिपून ठेव म्हणाले. मापांबरोबर दिवसही टिपावेत असे मी ठरवले आहे. शाळा पाचवीतच सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकत नाही.

मोहनरावांनी माझ्या पिशवीतली क्रोशाची सुई उचलून पाहिली आणि विचारले की ही कशाला. मी सांगितले, दोऱ्याची झालर विणायला. ते अक्काला म्हणाले, "मी मेव्हणा बोलावला हुता चंद्रा, ही मेव्हणी कुठनं आली?" अक्का पोट धरून हसली. मीही हसलो.

ता. २० नोव्हेंबर, शुक्रवार

घर कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांचे, वर पत्रा, खाली सिमिट. नवीन आणि कोरे. भिंतींना चुना आहे, पण एवढ्या पांढऱ्या भिंतीत माणूस हरवल्यासारखे वाटते. अक्काच्या मनात साहेबाच्या बंगल्यासारखे घर सजवायचे आहे. तिने तो बंगला दारातून एकदाच पाहिला आहे, पण पडद्याला किती चुण्या होत्या हेही तिला आठवते.

पहिला पडदा झाला. मांजरपाट, खाली दोन इंच दुमड, वर नाडीसाठी नळी. कडेला लाल दोऱ्याची साखळी घातली. अगदी सोपे काम, पण खिडकीला लावल्यावर अक्का उंबऱ्यापाशी जाऊन बाहेरून पाहून आली.

भांड्यांच्या फळीसाठी क्रोशाची झालर विणायला घेतली आहे. पाच साखळ्या, तीन खांब, पुन्हा पाच साखळ्या. हे विणकाम मी मिशनच्या दवाखान्यात शिकलो, आजारातून उठताना. तिथल्या बाई म्हणत, हात कामात असला की मन भलतीकडे जात नाही. माझे मन फार लवकर भलतीकडे जाते.

वसाहतीतल्या बायका मुद्दाम पाहायला येतात. शेजारच्या छबूबाईंना विणणारा पुरुष हा मोठाच तमाशा वाटतो. आज म्हणाल्या, "मास्तर, आमच्या म्हशीच्या शिंगांनाबी यवढी झालर करा की, लगीन हाय तिचं." मी मान खाली घालून विणत राहिलो. टाका मात्र एकही चुकला नाही.

ता. २५ नोव्हेंबर, बुधवार

झालर फळीला लावली. मेजपोसही झाला. अक्काकडे मेज नाही, म्हणून तो ट्रंकेवर घातला. बाळासाठी जुन्या मऊ धोतराचे दुपटे शिवले, चारी बाजूंनी हातशिलाई, टोकाला निळी वेल. अक्काने ते छातीशी धरले.

तिला बाह्यांचे पोलके हवे आहे. माप घेतले. बाहीचा घेर साडेनऊ इंच.

ता. २९ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडू लागली. अक्काला दुपारीसुद्धा हुडहुडी भरते. तिने मोहनरावांच्या जुन्या ट्रंकेतून एक गोधडी काढली. मोहनरावांची पहिली बायको मुक्ताबाई चार वर्षांपूर्वी तापात गेली, तिच्या लुगड्यांची ही गोधडी प्रयागबाईंनी शिवलेली आहे. अक्काने तिला पाहिलेले नाही. सवतीचे पांघरायचे का, असे मी विचारले. अक्का म्हणाली, "मेलेल्या माणसाची कसली सवत रं? ऊब तर हाय."

गोधडी चांगली आहे. सात पदर, लांबी सात फूट, रुंदी पाच. धावदोरा जवळजवळ आणि सरळ. फक्त चारही कोपरे फुगलेले होते आणि तिथे काळ्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके मारलेले. एका कोपऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. तो उसवला तेव्हा आत अंगठ्याएवढा काळा, दगडासारखा तुकडा निघाला. भाकरीचा असावा. उंदराने नेऊन ठेवला असेल. तो काढून कोपरा सपाट शिवला. पण एक कोपरा सपाट आणि तीन फुगीर हे मला पाहवेना, म्हणून बाकीचे तीनही उसवले. प्रत्येकात तसाच तुकडा. उंदीर मोठा शिस्तीचा म्हणायचा.

चारही तुकडे उकिरड्यावर टाकले. एक कावळा उतरला, मान वाकडी करून पाहिले, आणि न शिवताच उडाला.

आता चारही कोपरे काटकोनात आहेत. भोवतीने क्रोशाची बारीक कड घालायला घेतली आहे.

ता. १ डिसेंबर, मंगळवार

कड पुरी झाली. अक्का दुपारभर त्या गोधडीत झोपली. उठल्यावर म्हणाली की कोणाच्या तरी मांडीवर झोपल्यासारखे वाटले. मग तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली. छबूबाई म्हणाल्या, दोन जिवांची आहे, खाऊ दे. मला बरे वाटले. ती लहानपणी तिच्या वाटची अर्धी भाकरी मला देत असे.

ता. ४ डिसेंबर, शुक्रवार

पोलके बेतायच्या आधी माप पुन्हा घेतले. मी कापडाला कात्री लावण्याआधी नेहमी दोनदा घेतो. बाहीचा घेर पावणेनऊ निघाला. टेप तीच, दंड तोच. मागच्या वेळी माझा हात सैल पडला असेल असे धरून चाललो, पण माझा हात सैल पडत नाही.

अक्का खाते मात्र खूप. सकाळी चार भाकरी, दुपारी पाच, शिवाय मधे गूळ-शेंगदाणे. जेवून उठते आणि म्हणते, "सावळाराम, पोटात काय गेल्यागतच वाटंना बघ."

फळीची झालर नाहीशी झाली आहे. खिळे जागच्या जागी, झालर नाही. सगळीकडे शोधली.

ता. ७ डिसेंबर, सोमवार

मेजपोसही गेला. मी छबूबाईंना भीत भीत विचारले की खेळता खेळता मुलांनी तर नेला नाही ना. त्या कंबरेवर हात ठेवून अशा कडाडल्या की चार दारे उघडली. "तुमचं फडकं नेऊन मी काय त्येची चोळी शिवू? घरात बघा आधी! सोन्याचं न्हाय गेलं, दोऱ्याचं गेलं, अन् शेजारणीवर आळ!" मी क्षमा मागितली. खरे तर त्या नेणार नाहीत हे मला ठाऊक होते. पण दुसरे कोण, हे ठाऊक नव्हते.

दुपारी बाराचा भोंगा होऊन गेला की वसाहत एकदम गप्प होते. आज त्या वेळी अक्का आतल्या खोलीत झोपली होती आणि मी बाहेर पोलक्याला टीप घालत होतो. आतून आवाज येत होता. दात नसलेले म्हातारे माणूस कडक भाकरी चघळते तसा, सावकाश. उंदीर असेल म्हणून आत डोकावलो. अक्का निपचित होती. आवाज गोधडीतून येत होता. मी दारात उभा राहिलो तेव्हा तो थांबला, जेवणारे माणूस परक्याला पाहून थांबते तसा.

खोलीत ताज्या भाकरीचा वास होता. चूल विझलेली होती.

बाहीचा घेर सव्वाआठ.

ता. ८ डिसेंबर, मंगळवार

मोहनरावांना मापे दाखवली. ते डबल पाळी करून आले होते, डोळे लाल. म्हणाले, बाई गरोदरपणात वाळतेच, आणि मेव्हण्याने टेप गुंडाळून ठेवावी. माझे मन भलतीकडे जाते हे अक्कानेच त्यांना सांगितले असणार. हे सगळे नुसते माझ्या मनाचेच असेल तर फार बरे होईल.

ता. ९ डिसेंबर, बुधवार

सुईण दगडाबाई आली होती. तिने अक्काचे पोट चाचपले, पुन्हा चाचपले, मग हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली की महिने मोजण्यात चूक झाली असेल. मी म्हणालो, चूक नाही, माझ्याकडे तारखेने लिहिलेले आहे. ती हळूच म्हणाली, "मागल्या खेपंला मीच बघितलं हुतं रं बाबा. आठव्याचं पोट पाचव्याचं झालंया. कुठं ठिवलं हिनं पोर?"

ती गेल्यावर मी आत गेलो आणि अक्काच्या अंगावरची गोधडी ओढली. जड लागली. ओल्या कापडासारखी नाही, झोपलेल्या माणसासारखी जड. अक्का किंचाळली. तिच्या पोटात अशी कळ आली की ती दुमडली. मी घाबरून गोधडी परत घातली. कळ थांबली.

अक्काने माझा हात धरून सांगितले की असे पुन्हा करू नकोस. म्हणाली, "ही काढली की माझ्यातलं काय तरी तुटतंया."

लोणी भापकरला एका गाडीवानाबरोबर चिठ्ठी पाठवली. प्रयागबाईंनी ताबडतोब यावे. वाचायला तिथले मास्तर आहेत.

ता. १० डिसेंबर, गुरुवार

सकाळी अक्का न्हाणीत असताना गोधडीची एक बाजू उसवली. लांब नेली नाही, न्हाणीच्या दाराशीच बसलो. ब्लेडने एक एक टाका धरून कापला. घाईने ओढले असते तर कापड फाटले असते.

सात पदर होते. मी २९ तारखेला मोजून लिहिले आहे.

आज दहा निघाले.

आठवा पदर म्हणजे फळीची झालर. आत सरळ पसरलेली, काळ्या दोऱ्याने धावदोरा घातलेली. माझ्याकडे काळा दोरा नाही. नववा मेजपोस. झालर आणि मेजपोस दोन्हींच्या कडा चघळून मऊ पडल्या होत्या.

दहावे बाळाचे दुपटे, निळ्या वेलीचे. मी ते ट्रंकेत तळाशी ठेवले होते. त्याच्याखाली तळहाताएवढी जागा उबदार लागत होती. मी बोटे ठेवली. ती जागा वर येत होती आणि खाली जात होती. वर आणि खाली. लहान मूल झोपेत श्वास घेते तसे.

मी उसवलेली बाजू परत शिवली. टाके नीट आले नाहीत.

अक्का बाहेर आली आणि सरळ गोधडीत शिरली.

ता. ११ डिसेंबर, शुक्रवार

प्रयागबाई दुपारी आल्या. वाकलेल्या, पण डोळे तेज. अक्काला पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला. मग गोधडीचा कोपरा हातात घेतला, चिमटीत दाबला, दुसरा दाबला, तिसरा, चौथा. चारही सपाट. त्यांनी विचारले की हे कोणी केले.

मी म्हणालो, मी. आत भाकरीचे तुकडे होते, मुंग्या लागल्या होत्या, म्हणून काढले.

त्या कोपरा हातात धरूनच म्हणाल्या, "गोधडीच्या पोटात घास घालत्यात रं लेकरा. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाती. हे कुणी सांगितलं न्हाय तुला? आई कुठं गेली तुझी?" एवढे म्हणाल्या आणि आई कुठे गेली ते त्यांना आठवले. खरोखर कोणी सांगितले नव्हते. अक्कालाही नाही. हे आयांनी सांगायचे असते.

मी विचारले, नवा घास घातला तर?

मग त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. मुक्ताबाईला मुदतीचा ताप होता. डॉक्टरने एकवीस दिवस अन्न बंद ठेवायला सांगितले होते. नुसते पाणी. ती भाकर मागत राहिली. आधी ओरडून, मग हात जोडून, मग नुसते ओठ हलवून. प्रयागबाईंनीच तिला कोंडून ठेवले, चुलीवर पाणी ओतले, घरात पीठ ठेवले नाही. "तिच्या जिवासाठी केलं. डाक्टर म्हनला, घास दिलास तर तूच मारशील." विसाव्या दिवशी कोणी तरी तिला खिडकीतून अर्धी भाकरी दिली. तोंडापर्यंत न्यायची ताकद नव्हती. ती मुठीत धरूनच गेली. मूठ आंघोळ घालताना सुटली. प्रयागबाईंनी ती भाकरी ठेवली, तिच्या लुगड्यांची गोधडी शिवली आणि त्या भाकरीचे चार भाग करून चार कोपऱ्यांत घातले.

"तिचं तिच्यापाशी ठिवलं. तवाधरनं गप हुती."

म्हणजे मी ते तिच्या मुठीतून काढून उकिरड्यावर टाकले.

मला हा ताप येऊन गेला आहे. म्हणूनच दवाखान्यात होतो. मलाही एकवीस दिवस अन्न दिले नव्हते. त्या दिवसांत माणूस काय होते ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा उशीचा अभ्रा चघळत असे.

ता. १२ डिसेंबर, शनिवार

पहाटेच उकिरडा उपसला. हाताने, चाळणीने. मोहनरावही आले, शेजारी बसून उपसू लागले. त्यांनी काल आईचे सगळे ऐकले. तुकडे मिळाले नाहीत.

प्रयागबाईंनी भाकरी भाजल्या. चारही कोपऱ्यांत गुळासकट घातल्या, मी शिवले. तासाने पाहिले, सपाट. पुन्हा घातल्या. सपाट. दिवसभरात बारा भाकरी. टाके तसेच्या तसे, आत कणही नाही.

प्रयागबाई कोपऱ्याशी तोंड नेऊन म्हणत होत्या, "मुक्ते, माझ्यावर राग काढ. म्या दिलं न्हाय तुला. ह्या पोरीचं काय न्हाय त्यात." त्यांनी हात ठेवला की गोधडी थंड पडते. त्यांच्या हातचे तिला नको आहे.

बाहीचा घेर सात.

ता. १३ डिसेंबर, रविवार

सकाळपासून कळा. दिवस भरलेले नाहीत. दगडाबाई आत आहे. म्हणते, कळा येतात आणि पोट रिकामे लागते — कशाच्या कळा ह्या —

अक्का मला ओळखते. मला म्हणाली, तू जेवलास का. दुसरे काही म्हणाली नाही.

मोहनराव गोधडी जाळायला निघाले होते. काडी ओढलेली. प्रयागबाई आडव्या पडल्या — "तुझं पोर हाय तिच्यात!" काडी बोटापर्यंत जळली तरी ते तसेच उभे —

गोधडी मध्ये फुगली आहे. टेप लावली. नऊ इंच उंच.

ता. १४ डिसेंबर, सोमवार. सकाळी आठ

अक्काचा आवाज बसला. सहा इंच. माझ्या मनगटाएवढा दंड.

पडदाही गेला आहे. खिडकी उघडी.

त्याच दिवशी, अकरा

सगळे आत आहेत. गोधडी बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ. आता ती काढली तरी अक्काला कळत नाही — ते जास्त वाईट.

मी विचार केला आहे. तिला भाकरी नको. दिलेले नको. तिच्या हातातले गेले आहे, ते ज्याने नेले त्याने भरून द्यायचे आहे. प्रयागबाईंनी नेले नाही. अक्काने नाही, पोराने नाही. मी नेले.

मी शूर नाही. कात्री आधी पुसून घेतली.

साडेअकरा

कोपरा उसवला. पहिला, मुंग्यांचा. डावा हात आत घातला, मनगटापर्यंत. उजव्याने लिहितो. मी सांगितले — मुक्ताबाई, मी सावळाराम, चंद्राबाईचा भाऊ. तुमची भाकरी मी टाकली. मला माहीत नव्हते. लेकरू सोडा, त्याचे माप फार लहान आहे, त्याने तुमचे पोट भरायचे नाही —

आवाज थांबला. ऐकते आहे.

आतून बोटे आली. आजारी माणसाची, हलकी. माझा हात चाचपून पाहते आहे — बाजारात भाजी चाचपतात तसा —

बाराचा भोंगा

दुखत नाही. हे लिहून ठेवतो म्हणजे अक्काला वाईट वाटणार नाही. ऊब आहे. हात कोपरापर्यंत गेला. टेप माझ्या दंडाला बांधून ठेवली आहे, साडेनऊ, नऊ, साडे —

गोधडी मध्ये खाली बसते आहे. आठ इंच. पाच. फुगवटा सरकतो आहे — आतल्या खोलीच्या दाराकडे — दाराशी नाहीसा —

आत — रडते आहे. मोठ्याने. बाळ रडते आहे! दगडाबाई ओरडते आहे की मुलगी, जिवंत, भरल्या अंगाची. अक्का हाक मारते आहे. सावळाराम, सावळाराम, बघ —

येतो म्हणून ओरडलो. उठता येत नाही.

खांद्यापर्यंत.

दुसऱ्या कोपऱ्याचे टाके आपोआप सुटत आहेत. एक एक, सावकाश, मी उसवतो तसे. तिसऱ्याचेही —

मी चारही कोपऱ्यांतले काढले होते. हात दोनच. उजवा दिला तर पुढचे लिहि